रक्तपेशींची खतावणी : प्रथिनांच्या परस्परसंबंधांचा संगणकीय अभ्यास



वार्षिक अहवालात जमाखर्च आणि कामकाजाचा आढावा यांच्या जोडीला एखाद्या वैद्यकीय विषयाची सुलभ ओळख करून द्यावी, असा आमचा प्रयत्न असतो. या वेळचा विषय निवडण्यामागे एक प्रश्न आहे. दीर्घकालीन मायलॉइड प्रकारच्या रक्तकर्करोगाचे, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात सी.एम.एल. म्हणतात त्या आजाराचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तो वारंवार विचारतात. "रिपोर्टमध्ये पेशींची संख्या आता अगदी व्यवस्थित आली आहे, मग गोळी चालू ठेवायची ती कशासाठी?"

हा प्रश्न रास्त आहे. दरमहा औषधाचा खर्च, तपासणीसाठी करावा लागणारा प्रवास, बुडणारा रोजगार, या सगळ्याचा भार कुटुंबावर पडतो. अशा वेळी "डॉक्टरांनी सांगितले म्हणून" एवढे उत्तर पुरेसे होत नाही. खरे उत्तर रक्तपेशीच्या आत, तिच्यातील प्रथिनांच्या आपसांतील नात्यांमध्ये दडलेले आहे. गेल्या पाव शतकात शास्त्रज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने या नात्यांचे नकाशे काढले आहेत. त्या नकाशांचा अर्थ काय आणि आपल्या रुग्णांशी त्यांचा संबंध कोणता, हे या लेखात मांडत आहोत. आम्ही कार्यालय सांभाळणारी, वाणिज्य शाखेत शिकलेली माणसे आहोत; त्यामुळे विषय मांडताना आम्हांस परिचित असलेल्या हिशेबाच्या भाषेचा आधार घेतला आहे.

शिल्लक आणि खतावणी

कोणत्याही संस्थेचा ताळेबंद ३१ मार्च रोजीची शिल्लक दाखवितो. परंतु कोणाचे कोणाकडे किती येणे, कोणता व्यवहार कोणत्या खात्याला जाऊन भिडला, हे समजण्यास खतावणी उघडावी लागते. दोन पेढ्यांची शिल्लक सारखीच असू शकते. पण एकीची देणीघेणी सुरळीत असतात आणि दुसरी एकाच थकलेल्या खात्यापायी बुडण्याच्या बेतात असते. नुसत्या शिलकेवरून हा भेद कळत नाही.

रक्ताची नेहमीची तपासणी, म्हणजे हिमोग्राम, ही अशीच शिल्लक आहे. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या एका घनमिलिमीटर रक्तात सुमारे ४५ ते ५० लाख तांबड्या पेशी, ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी आणि दीड ते साडेचार लाख बिंबिका, म्हणजे आपण ज्यांना प्लेटलेट्स म्हणतो त्या, आढळतात. ही मोजदाद अत्यंत उपयुक्त आहे आणि तिच्यावाचून कोणत्याही रुग्णालयाचे पान हलत नाही. तथापि पेशी किती आहेत हे ती सांगते. पेशींच्या आत काय चालले आहे, हे सांगणे तिचे काम नव्हे.

पेशीच्या आतील बहुतेक कामे प्रथिने करतात. मानवी जनुकसंचात प्रथिनांचे पाठ सांगणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ती विशिष्ट आकारात घडी पडून बसते आणि त्या आकारामुळे तिला ठरावीक दुसऱ्या प्रथिनाशी जुळता येते. कुलपात किल्ली बसावी तसे हे जुळणे असते. काही जुळणी कायमची असते, तर काही निरोप देण्याघेण्यापुरती, क्षणभराची. एकटे प्रथिन क्वचितच काही साधते. त्याचे काम बहुधा सोबत्यांकरवीच होते.

या नात्यांत बिघाड झाला म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात विदर्भाला आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांना दुर्दैवाने चांगले परिचित आहे. सिकलसेल हा आजार म्हणजे हिमोग्लोबिन या प्रथिनातील एका अमिनो आम्लाचा फरक. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार असल्याचे दाखविले आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका फरक शोधला : १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. एरवी ते एकमेकांना न चिकटता सुटे वावरतात. या एका बदलामुळे प्राणवायू सोडल्यावर ते परस्परांना चिकटून लांब तंतू बनतात आणि पेशी विळ्याच्या आकाराची होते. म्हणजे येथे प्रथिनांमध्ये एक नको असलेले नाते जुळले. आजाराचे मूळ त्या नात्यात आहे.

नाती कशी शोधतात

२०,००० प्रथिनांच्या जोड्या लावावयाच्या ठरविल्या तर जवळजवळ २० कोटी जोड्या होतात. त्यांपैकी खरोखर जुळणाऱ्या कोणत्या, हे शोधण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत.

पहिली रीत १९८९ मध्ये अमेरिकेतील स्टॅन्ली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी मांडली. पाव फुगविण्यासाठी वापरतात त्या यीस्टच्या पेशीत एक असे प्रथिन घेतात की, जे जनुक चालू करण्याचे काम करते. त्याचे दोन तुकडे करून एक तुकडा तपासावयाच्या पहिल्या प्रथिनाला व दुसरा तुकडा दुसऱ्या प्रथिनाला जोडतात. ही दोन प्रथिने परस्परांशी जुळली, तर तुकडे जवळ येतात, जनुक चालू होते आणि यीस्टची वाढ होऊन ते कळते.

दुसरी रीत गळ टाकून मासे पकडण्यासारखी आहे. एका प्रथिनाला पकड बसवून त्याला पेशीच्या द्रावातून बाहेर ओढावयाचे आणि त्याच्यासोबत कोण कोण आले, हे रेणूंचे वजन अचूक मोजणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने ओळखावयाचे. या यंत्रास वस्तुमान वर्णपटमापक असे म्हणतात.

या कामाची वाढ किती झपाट्याने झाली, ते आकड्यांवरून दिसेल. २००५ मध्ये बोस्टन आणि बर्लिन येथील दोन गटांनी पहिल्या रीतीने मानवी प्रथिनांचे पहिले मोठे नकाशे प्रसिद्ध केले. त्यांत अनुक्रमे सुमारे २,८०० आणि ३,२०० नाती होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशात सुमारे १७,५०० प्रथिनांची आपसांत तपासणी करून सुमारे ५३,००० नाती नोंदविलेली आहेत.

या कार्यात आपल्या देशाचाही वाटा आहे, हे नमूद करण्यास आनंद वाटतो. बंगळूर येथील इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स या संस्थेने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने मानवी प्रथिनांची एक संदर्भ-नोंदवही तयार केली आणि २००३ मध्ये ती जगापुढे ठेवली. जगभर प्रसिद्ध झालेले शोधनिबंध एकेक करून वाचावयाचे आणि त्यांतील प्रत्येक सिद्ध नाते हाताने नोंदवावयाचे, असे हे कष्टाचे काम होते. २००९ पर्यंत या नोंदवहीत ३८ हजारांहून अधिक नाती जमा झाली होती. ज्यांनी हिशेबाच्या चोपड्या हाताने लिहिल्या आहेत, त्यांना या श्रमांचे मोल निराळे सांगावयास नको.

संगणकाचे काम

एवढ्या नोंदी माणसाच्या डोळ्यांखालून जाणे शक्य नाही. येथे संगणक उपयोगी पडतो. प्रत्येक प्रथिन हा एक ठिपका आणि प्रत्येक नाते ही दोन ठिपक्यांना जोडणारी रेघ, असे मानले की एक विशाल जाळे तयार होते. अशा ठिपक्या-रेघांचे गणित नवे नाही. १७३६ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने एका शहरातील सात पुलांचे कोडे सोडविताना त्याचा पाया घातला. संगणक त्याच गणिताने जाळ्याला काही साधे प्रश्न विचारतो. कोणत्या ठिपक्याला सर्वांत अधिक रेघा मिळतात? या प्रथिनापासून त्या प्रथिनापर्यंत निरोप जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता? कोणत्या ठिपक्यांचा एकमेकांशी इतका घरोबा आहे की त्यांचा एक स्वतंत्र गट मानावा? आणि कोणता ठिपका काढून टाकला तर जाळे दुभंगेल?

या प्रश्नांतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न झाली. नाती सर्वांमध्ये सारखी वाटलेली नसतात. बहुतेक प्रथिनांचे संबंध मोजक्या प्रथिनांशी असतात. थोडी प्रथिने मात्र एखाद्या जंक्शन स्टेशनासारखी असतात. २००१ मध्ये यीस्टच्या प्रथिनांवर झालेल्या एका अभ्यासात पाच किंवा त्याहून कमी नाती असलेल्या प्रथिनांपैकी सुमारे २१ टक्केच जगण्यास अनिवार्य ठरली. पंधराहून अधिक नाती असलेल्या मूठभर प्रथिनांत मात्र हे प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास होते. शाखेच्या लहान थांब्यावरची गाडी रद्द झाली तर थोड्यांची गैरसोय होते. मनमाड किंवा भुसावळ बंद पडले तर साऱ्या मार्गांवर परिणाम होतो, तसेच हे आहे.

रक्तपेशींच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. यीस्टमध्ये जुळणारी दोन प्रथिने मानवी रक्तपेशीत एकत्र असतीलच असे नाही. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते. ती सुमारे १२० दिवसांचे आयुष्य आधीच तयार झालेल्या प्रथिनांवर काढते. बिंबिकेतही केंद्रक नसते आणि तिचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे असते. म्हणून आधी त्या त्या पेशीत कोणती प्रथिने आहेत याची यादी करावी लागते आणि मग मोठ्या जाळ्यातून तेवढाच भाग वेगळा काढावा लागतो. २००७ मध्ये तांबड्या पेशीतील ७५१ प्रथिनांची यादी एकत्र करून त्यांचे जाळे मांडण्यात आले. त्या जाळ्याच्या मध्यवर्ती भागात बिघडलेल्या प्रथिनांची दुरुस्ती करणारी किंवा त्यांची विल्हेवाट लावणारी प्रथिने आढळली. नवी प्रथिने बनविण्याची सोय नसलेल्या पेशीने दुरुस्तीवर भर द्यावा, हे स्वाभाविकच होय. बिंबिकांमधील सुमारे ४,००० प्रथिनांची मोजदाद २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

एक चुकीचे प्रथिन आणि त्याचे सात सोबती

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सी.एम.एल. हा आजार अस्थिमज्जेतील, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मगजातील, एका रक्तजनक मूलपेशीत सुरू होतो. आपल्या देशात तो पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने कमी वयात, पुष्कळदा कर्त्या माणसाला होतो, म्हणून त्याचा आघात सबंध घरावर होतो. या आजारात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलले जातात. बदललेले लहान गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फिया येथे प्रथम दिसले आणि ही अदलाबदल असल्याचे १९७३ मध्ये जॅनेट राऊली यांनी दाखविले. या अदलाबदलीमुळे दोन निरनिराळ्या जनुकांचे भाग जोडले जाऊन बी.सी.आर.-एबल नावाचे एक नवेच प्रथिन तयार होते. मूळ एबल प्रथिनाला स्वतःला आवरून धरण्याची व्यवस्था असते. या जोडप्रथिनात तो आवर सुटतो आणि ते अहोरात्र चालू राहते.

हे प्रथिन करते तरी काय? ते नवी नाती जुळविते. व्हिएन्ना येथील शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये बी.सी.आर.-एबल या प्रथिनाला गळ लावून त्याचे सोबती शोधले आणि त्यांचे जाळे मांडले. त्यासाठी वापरलेल्या पेशी १९७० मध्ये सी.एम.एल. झालेल्या एका ५३ वर्षांच्या स्त्रीच्या शरीरातून घेतलेल्या होत्या आणि तेव्हापासून त्या प्रयोगशाळांत वाढविल्या जात आहेत. या अभ्यासात सात प्रथिनांचा एक गाभा आढळला. त्यांतील ग्रब-टू हे पेशीला विभाजनाचा निरोप देणाऱ्या साखळीचे दार आहे. पी-८५ हे पेशीला जिवंत ठेवणाऱ्या साखळीशी निगडित आहे. उरलेली पाचही निरोपांच्या देवाणघेवाणीत, काही चालना देण्यात तर काही लगाम घालण्यात, गुंतलेली आहेत. दुसऱ्या पिढीतील औषधे दिल्यावर या गाभ्याची मांडणी बदलते, असेही त्यात दिसून आले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे सात सोबती स्वतः दोषी नाहीत. ते निरोगी पेशीतही असतात आणि आपापले काम चोख करतात. दोष आहे तो त्यांना मिळणाऱ्या खोट्या निरोपात. खतावणीत एक बनावट खाते उघडले गेले आणि त्याच्या नावाने सात प्रामाणिक खात्यांतून रोज पैसे उचलले जाऊ लागले, तर खातेदारांना शिक्षा करून उपयोग नाही. बनावट खाते गोठवावे लागते. उंदरांवरील प्रयोगांतही, ग्रब-टू जेथे जुळते ती बी.सी.आर.-एबलवरील एकच जागा बदलली तर त्या प्रथिनाची हा आजार निर्माण करण्याची शक्ती बहुतांशी नष्ट होते, असे आढळले आहे.

इमॅटिनिब ही गोळी नेमके हेच करते. बी.सी.आर.-एबलला ऊर्जा जेथून मिळते त्या खाचेत ती जाऊन बसते आणि निरोप थांबवते. अमेरिकेत तिला मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. त्यापूर्वी हा आजार बहुधा काही वर्षांत तीव्र अवस्थेत जात असे. ज्या मोठ्या चाचणीत या गोळीचा अभ्यास झाला, तिचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल सांगतो की, गोळीने उपचार सुरू केलेल्या गटात दहा वर्षांअखेर हयात राहण्याचे प्रमाण ८३ टक्क्यांच्या वर होते. आपल्या देशात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या एका रूपावरील पेटंटची नोव्हार्टिस कंपनीची मागणी फेटाळली आणि भारतीय उत्पादकांच्या कमी किमतीच्या गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. आपल्या अनेक रुग्णांना उपचार परवडतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

जाळ्याच्या विचारातून दुष्परिणामांचाही उलगडा होतो. इमॅटिनिब केवळ एबललाच चिकटत नाही. किट नावाच्या प्रथिनालाही ती अडविते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना किटची गरज असते. त्यामुळे आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या काही रुग्णांची त्वचा उजळते आणि घरचे घाबरतात. अशा वेळी डॉक्टरांस दाखवावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

मग गोळी थांबवायची का नाही?

पेशींची संख्या सुधारली, म्हणजे शिल्लक जुळली. बनावट खाते मात्र गोठलेले आहे. ते बंद झालेले नाही. अस्थिमज्जेत खोलवर काही रोगट मूलपेशी शिल्लक राहतात. या पेशींत गोळी आपले काम करते, निरोपही थांबतो. तरीही त्या मरत नाहीत, कारण जगण्यासाठी त्या केवळ बी.सी.आर.-एबलवर विसंबून नसतात. हिमोग्राममध्ये त्या दिसत नाहीत.

या पेशी कोणत्या आधारावर तग धरतात? ग्लासगो येथील टेसा होलिओक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला. रुग्णांकडून मिळालेल्या रोगट पेशींतील प्रथिनांची तुलना त्यांनी निरोगी पेशींशी केली, ज्यांच्या प्रमाणात फरक पडला होता अशी प्रथिने निवडली आणि संगणकाद्वारे त्यांचे जाळे मांडले. त्या जाळ्यात दोन जंक्शने ठळकपणे पुढे आली : पी-५३, जे पेशीवर अंकुश ठेवते आणि येथे दबलेले होते; आणि मिक, जे वाढीला चालना देते आणि येथे वाढलेले होते. दोहोंवर एकाच वेळी परिणाम करणारी औषधे दिल्यावर प्रयोगशाळेत आणि उंदरांमध्ये या चिवट मूलपेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्या, तर निरोगी मूलपेशी बऱ्याच अंशी वाचल्या. हे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या उपचाराला नित्याच्या रुग्णोपचारात स्थान मिळालेले नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तथापि हजारो प्रथिनांतून नेमक्या दोन ठिकाणी बोट ठेवणे संगणकीय विश्लेषणावाचून घडले नसते.

गोळीत खंड पडला तर काय होते, याचे उत्तर लंडन येथील ८७ रुग्णांच्या अभ्यासाने दिले. औषधाच्या बाटलीच्या टोपणात नोंद करणारे यंत्र बसवून, गोळी खरोखर किती वेळा घेतली जाते हे तीन महिने मोजण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्यांनी ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या, त्यांच्यात रोगाचे प्रमाण हजारपटीने घटण्याची सहा वर्षांतील शक्यता ९४.५ टक्के होती. ज्यांनी ९० टक्के किंवा त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यात ती २८.४ टक्के होती. महिन्यातील तीन किंवा अधिक दिवस गोळी चुकणे, एवढाच हा फरक आहे.

गोळी कधीच थांबविता येत नाही, असेही नाही. फ्रान्समध्ये शंभर रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, किमान दोन वर्षे अतिसूक्ष्म तपासणीतही रोगाचा मागमूस न लागलेल्या रुग्णांची गोळी देखरेखीखाली थांबविण्यात आली. वर्षभराअखेर सुमारे ४१ टक्के रुग्णांमध्ये आजार परतला नाही. इतरांमध्ये तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच परतला; मात्र वेळीच लक्षात आल्यामुळे गोळी पुन्हा सुरू करून त्यांना आवरता आले. म्हणजे थांबविण्याचा निर्णय होऊ शकतो. पण तो डॉक्टरांनी, बी.सी.आर.-एबलच्या पी.सी.आर. तपासणीच्या आधारे आणि पुढील नियमित तपासणीची हमी असतानाच घ्यावयाचा असतो. केवळ हिमोग्रामवरून तो घेता येत नाही.

या अभ्यासाच्या मर्यादा

नवे शास्त्र सांगताना त्याच्या मर्यादा न सांगणे हे देणगीदारांशी आणि रुग्णांशी प्रामाणिक वर्तन ठरणार नाही. पहिली मर्यादा अशी की, हे नकाशे अपुरे आहेत. नोंद नसणे म्हणजे नाते नसणे नव्हे. दुसरी, काही नोंदी चुकीच्या असतात. प्रयोगात चिकटलेली दोन प्रथिने पेशीत कधी भेटतही नसतील. म्हणून चांगल्या नोंदवह्या प्रत्येक नात्याला विश्वासार्हतेचा गुणांक देतात. तिसरी, ज्या प्रथिनांवर अधिक संशोधन झाले त्यांची नातीही अधिक सापडतात. त्यामुळे प्रसिद्ध प्रथिन जाळ्यात आहे त्याहून मोठे दिसू शकते. शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा म्हणजे संगणक केवळ संशयाची जागा दाखवितो. निकाल प्रयोगशाळेत आणि पुढे रुग्णांवरील रीतसर चाचणीतच लागतो. हिशेबतपासनीसाने खुणावलेली प्रत्येक नोंद अफरातफरीची नसते, तद्वतच हे आहे.

यास्तव प्रथिनांच्या जाळ्याचे विश्लेषण हे संशोधनाचे साधन आहे. नित्याच्या निदानाची तपासणी नव्हे. कोणी त्या नावाखाली महागडी तपासणी सुचविल्यास नातेवाइकांनी आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

रुग्णांच्या आप्तांस आणि देणगीदारांस

रुग्णांच्या आप्तांस आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. गोळी रोज ठरलेल्या वेळी द्यावी. गोळ्या संपण्यापूर्वी आठवडाभर आधी नव्या गोळ्यांची सोय करावी. पी.सी.आर. तपासणी टाळू नये आणि जुने सर्व रिपोर्ट एकाच फायलीत जपावेत, कारण एका आकड्यापेक्षा आकड्यांचा क्रम डॉक्टरांना अधिक सांगतो. त्रास झाल्यास किंवा पैशांची अडचण आल्यास गोळी बंद करण्यापूर्वी रुग्णालयाशी बोलावे. अडचण सांगण्यात संकोच बाळगू नये. ती ऐकून घेणे हे आमचे कर्तव्यच आहे.

देणगीदारांस आणि विश्वस्तांस आमचे निवेदन असे की, आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाने असे नकाशे काढावेत, ही अपेक्षा वाजवी होणार नाही. ते कार्य मोठ्या संशोधन संस्थांचे आहे. परंतु त्या संशोधनातून हाती आलेले ज्ञान गरीब रुग्णापर्यंत अखंडपणे पोहोचविणे, हे कार्य आपलेच आहे. औषधसाहाय्यासाठी दिलेली देणगी एखाद्या यंत्रासारखी डोळ्यांत भरत नाही, तिच्यावर नामफलकही लागत नाही. पण महिन्यातले ते तीन दिवस चुकू न देण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. वर दिलेले लंडनचे आकडे वाचल्यावर तिचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता उरत नाही.

शेवटी आणखी एका वर्गाचे ऋण मान्य करणे आम्ही अगत्याचे समजतो. रक्तपेशींचे हे सारे ज्ञान अखेर रुग्णांनी दिलेल्या रक्ताच्या आणि अस्थिमज्जेच्या नमुन्यांतून उभे राहिले आहे. त्या अनाम रुग्णांपैकी अनेकांना स्वतःला त्याचा लाभ झाला नाही. तो त्यांच्यामागून आलेल्यांना झाला. देणगीदारांच्या मालिकेत त्यांचेही स्थान आहे, अशी आमची भावना आहे.